डाख

डंडीत नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
अशाच एका दिवेलागणीला सेंगा मॅक्ग्लॅशन आल्या,
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात
टॉवेलात गुंडाळलेला स्पेक्ट्रम घेऊन.

नाव सांगितलं तेव्हा मला ऐकू आलं शेंगा,
भाजलेल्या, खारवलेल्या.
त्या म्हणाल्या, अ‍ॅग्नेस उलटं लिहून बघ.
घरात आधीच दोन अ‍ॅग्नेस होत्या, म्हणून मी उलटी.

पाच स्क्रू. झाकण निघालं.
कीबोर्डाची पट्टी हात लागताच तुटली,
सादळलेल्या पापडासारखी, आवाजसुद्धा न करता.
मग मी शल्यविशारदाच्या थाटात बोलत सुटलो:
हे कपॅसिटर वाळलेत, सगळे बदलू.
हा रेग्युलेटर तव्यासारखा तापतो,
त्याच्या जागी थंड डोक्याचा आणू.
व्हिडिओ थेट काढून घेऊ, चित्रातल्या मुंग्या जातील.
सोळा के आहे, अठ्ठेचाळीस करू;
ही बघा रिकामी सॉकेटं,
चाळीस वर्षं तोंड उघडून बसलीत.
आणि मागच्या बाजूला हे नखाएवढं कार्ड.
त्या काळचे सगळे खेळ यात मावतात,
वर गोदामभर जागा उरते.

"म्हणजे पाच मिनिटं थांबायचं नाही?"
नाही. पापणी लवायच्या आत खेळ सुरू.
"मग चहा कधी टाकायचा?"

यावर माझ्याकडे सुटा भाग नव्हता.

त्यांनी बोर्ड उलटा केला, चष्मा कपाळावर ढकलला.
घड्याळांच्या कारखान्यात होते मी, म्हणाल्या,
ही यंत्रं तिथंच बनायची.
डाखाच्या लाटेवरून बोर्ड यायचे,
लाटेनं सोडलेलं आम्ही हातानं भरायचो.
हे माझं नाही. हे रोनाचं.
तिचा थेंब नेहमी पोट सुटलेला.

पंधरवड्यानं पुन्हा आल्या.
मी नवं काळं आवरण दाखवलं, स्वच्छ चित्र दाखवणार होतो,
त्यांनी आधी बोर्डच उलटा केला.
"हा कुणाचा?"
माझा.
"कच्चा आहे."
आणि हात पुढे केला, जसा कुणी मीठ मागतं.

सांधे सुजलेली बोटं. इस्त्रीचं टोक पॅडला टेकेपर्यंत थरथरली,
टेकल्यावर थांबली.
"आधी तांबं तापव, मग डाख लाव.
तू डाख तापवतोस,
आणि तांब्यानं आपणहून त्याला जवळ करावं म्हणतोस."

राळेचा धूर वर गेला.
इचलकरंजीला बाबांच्या रेडिओच्या दुकानात हाच वास.
मला तिथं सांडलेले स्क्रू वेचायला ठेवलं होतं.
इस्त्री कधी हातात दिली नाही.
मी शिकलो ते नंतर, एकट्यानं, व्हिडिओ बघत.

मग वीज दिली.
पडदा काळा, आणि काळाच राहिला, मला वाटलं गेलं.
विसरलो होतो:
मेमरी वाढवली की जागं व्हायला
क्षणभर जास्त लागतो.
सगळी आठवण एकदा तपासून घेतं ते,
मग पांढरं होतं, तळाशी एक ओळ, कोण बनवलं ते.
सेंगाबाईंनी एकच कळ दाबली
आणि अख्खा शब्द उमटला.
"अजून येतंय की मला," म्हणाल्या, कुणाला ते कळलं नाही.

कार्ड राहू दे म्हणाल्या.
पण पर्समधून कॅसेट काढली, टेपची वायर कानात घाल म्हणाल्या,
यंत्राच्या.
निळ्या-पिवळ्या पट्ट्या धावू लागल्या,
खोलीभर तो किरकिरा, न गाणारा आवाज.
मी उठून किटली लावली.

बिल करताना लिहिलं:
सुटे भाग इतके, मजुरी इतकी,
एक डाख सेंगाबाईंचा, तो वजा.

त्यांनी पेन घेतलं, एकवर काट मारली
आणि वर तीन केला.
"दोन तू दूध ओतत होतास तेव्हा."